अर्धा टक्का मिथेनॉल, दर चोवीस तासांनी

गेले दोन महिने माझा रविवार सकाळी साडेसातला सुरू होतोय. कारण माझी मामेबहीण. ती इथे पुण्यात बायोटेकमध्ये एम.एस्सी. करते आणि शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी यीस्ट वाढवते. त्या यीस्टला दर चोवीस तासांनी मिथेनॉल घालावं लागतं. यीस्टला रविवारची सुट्टी नसते आणि रविवारी सकाळी बस वेळेवर येत नाही, म्हणून दादाची बाईक. (दादाला आधी विचारायची पद्धत आमच्या घराण्यात नाही.)

पहिल्या रविवारी मी तिच्यासोबत लॅबमध्ये आत गेलो. एका कोपऱ्यात शेकर घरघरत होता, त्यावर काचेचे फ्लास्क गोल गोल फिरत होते, आत दुधाळ पाणी. तिने शेकर थांबवला, पिपेटने प्रत्येक फ्लास्कमध्ये थोडंसं काहीतरी सोडलं, परत शेकर चालू. झालं काम. एवढ्यासाठी माझी झोप!

"किती घातलंस?"

"अर्धा टक्का मिथेनॉल."

"अर्धाच का?"

"प्रोटोकॉल आहे."

"आणि तापमान तीसच का?"

"दादा, प्रोटोकॉल आहे ना!"

हे उत्तर मला फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक कॉन्फिग फाइल असते, तिच्यात टाइमआउट चाळीस सेकंद असं लिहिलेलं असतं, आणि चाळीसच का हे विचारलं की "पहिल्यापासून आहे, हात लावू नकोस" असं सांगतात. ज्याने ते चाळीस लिहिले तो कधीच नोकरी सोडून गेलेला असतो.

त्याच आठवड्यात माझा स्वतःचा प्रोजेक्ट बंद झाला होता. चौदा महिने काम, सहा जण, आणि एका सोमवारी अर्ध्या तासाच्या मीटिंगमध्ये कळलं की क्लायंटला आता हे नको आहे. त्यामुळे संध्याकाळी भरपूर वेळ होता आणि स्वतःचा कोड उघडून बघायची इच्छा नव्हती. म्हटलं, चला, हा अर्धा टक्का कुठून आला ते तरी शोधू. मी बारावीनंतर जीवशास्त्राला रामराम ठोकलेला माणूस. बहिणीने हे सगळं वाचून बघितलंय, तेव्हा यात जे बरोबर आहे ते तिचं आणि चुका माझ्या.

हातभट्टी आणि यीस्ट

मिथेनॉल म्हणजे तेच, विषारी दारूच्या बातम्यांमधलं. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती याच्यामुळे. आपल्या शरीरात मिथेनॉलचं आधी फॉरमाल्डिहाइड होतं, मग फॉर्मिक अॅसिड, आणि मग डोळे जातात किंवा जीव जातो.

असं असताना एखादा सजीव निव्वळ मिथेनॉलवर, म्हणजे दुसरं काही कार्बनचं खाणं न देता, जगू शकेल हे कुणाच्या डोक्यात आलं असेल? जीवाणूंच्या बाबतीत ते माहीत होतं. यीस्टच्या बाबतीत १९६९ साली जपानमध्ये क्योटो विद्यापीठातल्या कोइची ओगाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं पहिलं यीस्ट सापडल्याचं जाहीर केलं. मग शोधाशोध सुरू झाली आणि कपाटात आधीच ठेवलेली काही यीस्टंही मिथेनॉल खाणारी निघाली. त्यातलं एक पिचिया पास्टोरिस. कॅलिफोर्नियात हर्मन फाफ नावाचे यीस्टचे मोठे जाणकार होते, झाडांच्या चिकात राहणारी यीस्टं गोळा करायचे. हे यीस्ट त्यांच्या संग्रहातलं, ओकच्या झाडावरचं. १९५० च्या दशकात त्याला नाव देऊन ठेवून दिलेलं. त्याचा कुणाला काही उपयोग होईल असं तेव्हा कुणाला वाटण्याचं कारणच नव्हतं.

तेल कंपनीला यीस्ट कशाला?

इथे गोष्ट अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात जाते. बार्टल्सव्हिल नावाचं गाव, तिथे फिलिप्स पेट्रोलियम या तेल कंपनीचं मुख्यालय. तेलाबरोबर नैसर्गिक वायू निघतो, त्यातल्या मिथेनपासून मिथेनॉल स्वस्तात बनतं. आणि त्या काळात जगभर एकच काळजी होती, लोकसंख्या वाढतेय, प्रथिनं पुरणार कशी? मग हिशेब सरळ होता. मिथेनॉल यीस्टला घाला, यीस्ट वाढवा, वाळवून कोंबड्या-डुकरांना घाला. वायू आत, चारा बाहेर. ब्रिटनमध्ये आयसीआय कंपनीने हाच खेळ जीवाणूंवर मांडला होता.

हे आज ऐकायला येडचॅप वाटतं, पण त्या वेळी शहाणी माणसं यात गंभीरपणे पैसे ओतत होती. आणि फिलिप्सच्या लोकांनी काम खरोखर उत्तम केलं. माझ्या बहिणीच्या "प्रोटोकॉल आहे ना" मधलं बरंचसं या कामातून आलंय.

चारा म्हणजे स्वस्त हवा. म्हणून त्यांनी महागडं मटणाचं सूप किंवा पेप्टोन टाळून साध्या क्षारांचं पाणी ठरवलं. फॉस्फोरिक अॅसिड, पोटॅश, मॅग्नेशियम, थोडं कॅल्शियम, चिमूटभर इतर धातू आणि बायोटिन हे जीवनसत्त्व. नायट्रोजनसाठी अमोनिया. यातली चलाखी बघा. यीस्ट वाढताना पाणी आंबट करत जातं, ते सावरायला काहीतरी अल्कली ओतावं लागतंच. ते अल्कली म्हणून अमोनियाच ओतला की पीएचही सांभाळला जातो आणि यीस्टला खाणंही मिळतं. एका नळात दोन कामं. असलं काही बघितलं की मला कोड रिव्ह्यूमध्ये "वा" लिहावंसं वाटतं.

पण खरी अडचण होती मिथेनॉल किती द्यायचं याची. यीस्ट मिथेनॉलचं काय करतं? आपल्यासारखंच, आधी फॉरमाल्डिहाइड करतं! ते त्यालाही विषच. शिवाय या पायरीत हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं, म्हणजे जखमेवर फेसाळतं ते. यीस्ट हे सगळं पेशीतल्या वेगळ्या पिशव्यांमध्ये कोंडून करतं, पेरॉक्सिसोम म्हणतात त्यांना. मिथेनॉलवर जगणाऱ्या यीस्टच्या पेशीत या पिशव्या इतक्या फुगतात की बाकी पेशीला कोपऱ्यात उभं राहावं लागतं. मिथेनॉल जितक्या वेगाने पचेल तितक्याच वेगाने द्यायचं, जास्त साठलं की यीस्ट मरतं, कमी पडलं की उपाशी. म्हणून थेंब थेंब.

पावाच्या यीस्टची जुनी युक्ती

थेंब थेंब देण्याची युक्ती मात्र फिलिप्सची नव्हे. ती पहिल्या महायुद्धाच्या आसपासची आहे. जर्मनीत धान्याची टंचाई होती, तेव्हा पावाचं यीस्ट धान्याऐवजी मळीवर वाढवायला लागले. (साखर कारखान्यातली मळी. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात वास ओळखीचा आहे.) पावाच्या यीस्टची एक खोड असते. साखर भरपूर मिळाली की हवा असूनही ते दारू बनवत बसतं, स्वतः वाढायचं विसरतं. मग साखर एकदम न देता थोडी थोडी सोडायची, म्हणजे ते नाइलाजाने नीट श्वास घेऊन वाढतं. जर्मनीत हायडुक आणि डेन्मार्कमध्ये साक यांनी १९१९ च्या सुमारास हे पक्कं केलं. आज औषधांच्या कारखान्यात जे फेड-बॅच म्हणतात ते हेच.

पिचियाला ही खोड नाही. ते दारूच्या नादी फारसं लागत नाही, हवा असली की वाढत राहतं. त्यामुळे फिलिप्सच्या टाक्यांमध्ये एका लिटरला १३० ग्रॅमहून जास्त वाळलेलं यीस्ट निघायला लागलं. वाळलेलं! ओलं धरलं तर त्याच्या साधारण चौपट. म्हणजे टाकीत पाणी नव्हे, इडलीचं पीठच फिरतंय म्हणा. वेगनर नावाच्या त्यांच्या शास्त्रज्ञाच्या नावाचं याचं पेटंट १९८३ चं आहे.

एवढ्या पिठाला ऑक्सिजन पुरवणं हे वेगळंच दुखणं. मिथेनॉल जाळायला ऑक्सिजन भरमसाट लागतो आणि उष्णताही भरमसाट निघते. तापमान बत्तिसच्या वर गेलं की गडबड सुरू होते. म्हणून तीस. बहिणीच्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं.

प्रोजेक्ट बंद

मग १९७३ चं तेलसंकट आलं. तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बाराच्या आसपास गेलं. वायू महागला, मिथेनॉल महागलं. आणि समोर प्रतिस्पर्धी कोण, तर सोयाबीन. शेतात उगवतं, सूर्यप्रकाश फुकट, तेल काढून झालं की उरलेली पेंड कोंबडीला. टाकी, कॉम्प्रेसर, थंड करायचं पाणी असला काही खर्च नाही. सोयापेंड स्वस्त राहिली आणि यीस्टचा चारा महाग पडला. आयसीआयने तर बिलिंगहॅमला प्रचंड मोठा फर्मेंटर उभा केला होता, तोही १९८० च्या दशकात गणितात बसेना.

इथे वाचताना मी जरा थांबलो. दहाएक वर्षं इतकं चोख काम केलं त्या लोकांनी. कुणाची चूक नाही. आकडे बरोबर, यीस्ट बरोबर, टाकी बरोबर. फक्त ज्यासाठी केलं ते कुणाला नको होतं. त्या वेळी बार्टल्सव्हिलच्या त्या इमारतीत सोमवारची मीटिंग कशी झाली असेल याची मी कल्पना करू शकतो. चहा नक्की चांगला होता, अशा मीटिंगला असतोच.

यीस्टचं बटण

फिलिप्सने मात्र सगळं फेकून दिलं नाही. १९८० च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या सिबिया या संस्थेला काम दिलं. प्रश्न असा की चारा नाही तर नाही, या यीस्टकडून दुसरं काही करून घेता येईल का?

तिथे जेम्स क्रेग आणि मंडळींचं लक्ष एका विचित्र गोष्टीवर होतं. मिथेनॉल पचवणारं पहिलं एन्झाइम, अल्कोहोल ऑक्सिडेज, हे तसं कामचुकार आहे. ऑक्सिजन पकडण्यात कच्चं. एक माणूस हळू काम करतो म्हणून दहा माणसं लावायची, तसं यीस्ट ते एन्झाइम ढिगाने बनवतं. मिथेनॉलवर वाढताना पेशीतल्या विद्राव्य प्रथिनांपैकी जवळजवळ तीस टक्के हे एकच एन्झाइम असू शकतं. आणि ग्लुकोज किंवा ग्लिसरॉल दिलं, तर? शून्य. शोधून सापडत नाही.

म्हणजे हे चक्क बटण आहे. मिथेनॉल घातलं की चालू, ग्लिसरॉल असेपर्यंत बंद. १९८५ साली त्या जनुकाचं बटण वेगळं काढलं गेलं आणि पिचियात बाहेरचा डीएनए घालायची रीतही बसवली. आता बटणाच्या पुढे आपल्याला हवं ते जनुक जोडायचं. यीस्टला वाटतं मी अल्कोहोल ऑक्सिडेज बनवतोय, आणि प्रत्यक्षात बनवत असतं तुमचं एन्झाइम. १९८७ मध्ये पावाच्या यीस्टचं इन्व्हर्टेज, साखर फोडणारं एन्झाइम, पिचियाकडून लिटरला दोन ग्रॅमच्या वर काढून दाखवलं, तेही पेशीच्या बाहेर पाण्यात सोडलेलं.

आणि इथे चाऱ्याच्या प्रोजेक्टमधली प्रत्येक गोष्ट कामाला आली. यीस्ट आधीच इडलीच्या पिठाएवढं दाट वाढवता येत होतं, त्यामुळे पेशी जास्त, एन्झाइम जास्त. पाणी साध्या क्षारांचं आणि पिचिया स्वतःची प्रथिनं फारशी बाहेर टाकत नाही, त्यामुळे गाळून घेतलेल्या पाण्यात बहुतेक तुमचंच एन्झाइम. चारा स्वस्त पडावा म्हणून केलेली काटकसर, तिच्यामुळे शुद्धीकरण सोपं झालं! हे कुणी ठरवून केलं नव्हतं.

पद्धत अशी बसली. आधी ग्लिसरॉल देऊन नुसतं अंग वाढवायचं, बटण बंद. मग ग्लिसरॉल थेंब थेंब, म्हणजे ते उरणार नाही. मग मिथेनॉल. फर्मेंटरमध्ये मिथेनॉल किती द्यायचं हे कसं कळतं, तर एक फार सुंदर चाचणी आहे. पाण्यातल्या ऑक्सिजनचं मीटर बघत मिथेनॉलचा नळ क्षणभर बंद करायचा. यीस्ट अगदी बेताचं खात असेल, तर नळ बंद होताच त्याचं जेवण संपतं, श्वास मंदावतो आणि पाण्यातला ऑक्सिजन मिनिटाभरात झटकन वर चढतो. चढला नाही, तर समजायचं की टाकीत मिथेनॉल साठलंय, हात आवरा. मला ही चाचणी इतकी आवडली की बहिणीला रात्री साडेअकराला फोन केला. तिला आधीच माहीत होती. ("दादा, ही आम्हाला पहिल्या सेमिस्टरला होती. झोप आता.")

फ्लास्कमध्ये नळ नाही, मीटर नाही. म्हणून तिथे अंदाजपंचे अर्धा टक्का, दर चोवीस तासांनी. तेवढ्याने विष चढत नाही आणि उपासही पडत नाही.

१९९३ मध्ये फिलिप्सने हे सगळं अॅरिझोनातल्या रिसर्च कॉर्पोरेशन टेक्नॉलॉजीज या संस्थेला विकलं आणि इन्व्हिट्रोजेन कंपनीने त्याचं तयार किट जगभरच्या लॅबना विकायला घेतलं. किटसोबत एक पुस्तिका. माझी बहीण ज्याला प्रोटोकॉल म्हणते ती त्या पुस्तिकेची झेरॉक्सची झेरॉक्स आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने हेपटायटिस-बी ची भारतीय लस बाजारात आणली ती याच यीस्टमध्ये बनवून, आणि महागड्या परदेशी लशीची मक्तेदारी मोडली. २०२१ च्या डिसेंबरात मंजूर झालेली कोर्बेव्हॅक्सही पिचियातलीच. तुमच्या-माझ्या शाळकरी भावंडांनी घेतलीय ती.

(मध्ये एक गंमत. हे यीस्ट मुळात पिचिया नाहीच असं नंतर ठरलं. आता त्याचं शास्त्रीय नाव कोमागाटेला फाफी, त्या फाफसाहेबांच्या सन्मानार्थ. पण लॅबमध्ये सगळे पिचियाच म्हणतात, जसे आपण अजून व्हीटीला उतरतो.)

आणि आता माझा आवडता भाग. कोंबडीच्या खाद्यात मका आणि सोयापेंड असते. त्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात अडकलेला असतो, कोंबडीला तो सोडवता येत नाही, विष्ठेतून वाया जातो. तो सोडवणारं एन्झाइम म्हणजे फायटेज. टनभर खाद्यात ते मूठभर मिसळलं की काम होतं. २००० च्या दशकापासून बाजारात आलेल्या फायटेजपैकी काही पिचियात बनतं. म्हणजे ज्या यीस्टला कोंबडीचा चारा व्हायचं होतं आणि ज्याला सोयाबीनने हरवलं, ते आता कोंबडीला तेच सोयाबीन पचवायला मदत करतंय. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडल्याची बातमी आली की हल्ली मला पहिल्यांदा बार्टल्सव्हिल आठवतं. माणसाचं कसं होतं बघा.

परत शेकरजवळ

बहिणीचं एन्झाइम आहे लायपेज, स्निग्ध पदार्थ तोडणारं, जनुक एका बुरशीतलं. दोन महिने ते निघतच नव्हतं. म्हणजे निघायचं, पण नावाला. चरबी मिसळलेल्या दुधट प्लेटवर तिच्या फ्लास्कमधलं पाणी टाकलं की लायपेज जिथे असेल तिथे पारदर्शक वर्तुळ पडतं. तिचं वर्तुळ टिकलीएवढं. ती मिथेनॉलचं प्रमाण बदलून बघत होती, अर्धा, पाऊण, एक.

मी तिला त्या कामचुकार एन्झाइमबद्दल वाचलेलं सांगत होतो, ऑक्सिजन पकडण्यात कच्चं वगैरे, आणि बोलता बोलता सहज विचारलं, "तुझ्या फ्लास्कला हवा पुरते का गं?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मी अर्धा भरते."

शेकरवर तिला चारच जागा मिळतात. बाकी जागा सीनियर लोकांच्या. म्हणून जास्त पाणी मिळावं यासाठी अडीचशे मिलिच्या फ्लास्कमध्ये ती सव्वाशे मिलि भरत होती. पुस्तिकेत लिहिलंय की दहा ते तीस टक्केच भरा, पण तिच्याकडच्या झेरॉक्सवर ते पान नव्हतं. आणि शेकरचा वेग दुसऱ्या कुणाच्या तरी कल्चरसाठी दीडशेवर ठेवलेला, जिथे अडीचशे हवा. यीस्ट मिथेनॉल नव्हे, श्वास मागत होतं.

पुढच्या आठवड्यात तिने पंचवीस मिलि भरलं, रात्री शेकर रिकामा असतो तेव्हा वेग वाढवून घेतला. काल प्लेटचा फोटो आला. वर्तुळ आता जुन्या रुपयाएवढं आहे. खाली एवढंच लिहिलं होतं, "उद्या साडेसातला ये."

मी काल रात्री बसून बंद पडलेल्या प्रोजेक्टची फाइल उघडली. टाइमआउट चाळीस सेकंद का, रिट्राय तीनच का, रांगेत एका वेळी पाचशेच का, प्रत्येक आकड्याशेजारी कारण लिहीत गेलो. दोन आकड्यांचं कारण मला स्वतःलाच आठवेना, तिथे तसंच लिहिलं. पावणेदोन वाजले.

साडेसातला तिच्या हॉस्टेलच्या दारात होतो. ती अजून दात घासत होती.